पाचटाचा धूर आपल्याच घरात शिरतो

जानेवारी महिन्यात दिवस मावळायच्या सुमारास कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरावर उभे राहून खाली पाहिले, तर कृष्णा-कोयनेचा हा सुपीक पट्टा धड दिसत नाही. उसाच्या फडांतून इथे एक, तिथे एक असे धुराचे लोट उठलेले असतात. ते थोडे वर चढतात आणि मग डोक्यावर छत लागावे तसे तिथेच आडवे पसरतात. अंधार पडेपर्यंत नदीकाठची गावे त्याखाली झाकून जातात. परगावचा माणूस त्याला धुके समजतो. आपल्याला माहीत असते, की कुणाच्या तरी रानात पाचट पेटले आहे.

माहीत असते आणि तरी आपण गप्प बसतो. कारण आज त्याच्या रानात पेटले, उद्या आपल्या रानात पेटणार असते.

पाचट जाळू नका, हे नव्याने सांगण्यासाठी हा लेख नाही. ते शेतकरी बंधूंनी मेळाव्यात ऐकले आहे, घडीपत्रिकेत वाचले आहे, बांधावर आमच्याच तोंडून ऐकले आहे. मला सांगायचे ते थोडे वेगळे आहे आणि त्यात आमच्या खात्याची चूकही आली. आम्ही इतकी वर्षे पाचटाचा प्रश्न फक्त जमिनीचा म्हणून मांडला. तो जमिनीचा आहेच. पण त्याआधी तो माणसांच्या छातीचा आहे. आणि छातीचा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकून सुटत नाही. तो गावाने हातात घ्यावा लागतो.

घरचाच अनुभव

दुसऱ्याचे कशाला, माझ्याच घरचे सांगतो. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या गावात मी पाचट कुजवण्याचे प्रात्यक्षिक घेतले. सरीत पाचट दाबले, बुडखे छाटून दाखवले, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकले, फोटो काढले, अहवाल पाठवला. त्याच आठवड्यात एके दिवशी संध्याकाळी घरी आलो तर घरामागच्या आमच्याच तीस गुंठ्यांत आग लागलेली. काडी वडिलांनीच लावली होती.

मी चिडलो. म्हणालो, "आबा, मी गावभर सांगत फिरतो आणि आपल्याच रानात हे?" आबा शांतपणे म्हणाले, "टोळी काल गेली. पाण्याची पाळी परवा हाय. पाचाट सरीत वढायला तीन माणसं लागत्यात, एक बी मिळंना. तू गावाला सांगतूस ते खरं हाय, पर हाताला माणूस कोण देणार?"

मला उत्तर देता आले नाही. रात्री अकराच्या सुमारास माझ्या चार वर्षांच्या मुलीला धाप लागली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मोटारसायकलवर तिच्या आईने तिला शालीत गुंडाळून धरले आणि आम्ही तालुक्याला गेलो. वाफेचे औषध दिल्यावर तासाभराने ती जरा शांत झाली. डॉक्टरांनी विचारले, "घराजवळ काही जाळले होते का?" मी मान हलवली. माझे खाते कोणते, हे काही मी त्यांना सांगितले नाही.

पोर बरी झाली. आबांनी त्यानंतर रानात काडी लावली नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे आणि तो एका घरचा नाही.

थंडीत धूर वर का जात नाही

धूर तर आभाळात जातो, मग गावाला त्रास कसा, असे पुष्कळ जण विचारतात. उन्हाळ्याच्या दुपारी तो जातोही. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि धुराला घेऊन जाते. थंडीत उलटे होते. दिवस मावळला की जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार व जड होते. दोन्ही बाजूंच्या डोंगर-उतारांवरची गार हवा घरंगळत खोऱ्यात उतरते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार आहे. धूर त्या झाकणापर्यंत जातो आणि रात्रभर आत कोंडून राहतो. सकाळी ऊन चांगले तापेपर्यंत झाकण उघडत नाही.

आता आपण पाचट पेटवतो कधी? संध्याकाळी. कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि आग शेजारच्या फडात जाण्याची भीती कमी असते. शेतीच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे. पण जी वेळ आगीसाठी बरी, तीच छातीसाठी सर्वांत वाईट. दुपारी पेटवावे तर धूर वर जाईल, पण वाऱ्याने शेजाऱ्याचा उभा ऊस जाईल. म्हणजे जाळायला चांगली अशी वेळच नाही.

धुरातली काळी काजळी अंगणात पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती दिसते, म्हणून बायका ओरडतात. पण ती मोठी असते, बरीचशी नाकात अडकते. खरा घात करतात ते न दिसणारे कण. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाइतके असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. खोकला आणि दमा हे समोर दिसते. हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका त्यामुळे वाढतो. गर्भवती बाई अशा हवेत राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली स्पष्टपणे जाहीर केले आहे.

एक साधा हिशेब करून पाहा. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते, म्हणजे एकरी तीन ते चार टन. ते जाळल्यावर टनामागे साधारण दोन ते चार किलो असे बारीक कण हवेत जातात. अडीच किलो धरले आणि एकरी चार टन पाचट धरले, तर एका एकराचे दहा किलो झाले. आपल्या देशाची २००९ सालची मर्यादा अशी आहे की एका घनमीटर हवेत चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या मापाने एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर उंच एवढी हवा मर्यादेपर्यंत भरायला नऊ किलो कण पुरतात. म्हणजे एका मध्यम गावठाणावरची सगळी हवा एका एकराच्या पाचटात बिघडू शकते. वारा असला तर थोडी पांगते, हे खरे. पण एका आठवड्यात गावाच्या शिवारात एकच एकर पेटते का?

आणि सर्वांत जवळ कोण असते? बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेलाच असतात. त्यांना ना दार, ना खिडकी. त्यांची तान्ही मुले त्याच धुरात झोपतात. आपल्या गावच्या आकड्यात ती धरलीच जात नाहीत.

खताचा हिशेब का पटत नाही

आमच्या खात्याचा नेहमीचा मुद्दा असा : पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र असते, थोडे स्फुरद, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि एक तृतीयांशाहून जास्त सेंद्रिय कर्ब. जाळल्यावर पालाश आणि स्फुरद बरेचसे राखेत राहतात, पण नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळे हवेत उडून जातात. एकरी चार टन पाचटात वीस किलो नत्र धरले, तर ते जवळपास युरियाच्या एका पोत्याइतके होते.

हिशेब चोख आहे. पण ४५ किलोचे युरियाचे पोते मिळते २६६ रुपये ५० पैशांना. एका मजुराचा दिवसही त्यात धड निघत नाही. मग शेतकरी म्हणतो, "सायेब, एका पोत्यासाठी तीन माणसं लावू व्हय?" त्याचे काही चुकत नाही. कर्बाचा फायदा खरा मोठा, पण तो तीन-चार वर्षांनी जमिनीत दिसतो. सोसायटीचे कर्ज तेवढे थांबत नाही.

बाकीच्या अडचणीही काल्पनिक नाहीत. पाचट ठेवले की उंदीर होतात, पाणी सरीत पुढे सरकत नाही, एप्रिलमध्ये ऊस गेला तर पुढच्या पिकासाठी रान लवकर मोकळे करावे लागते. तोडीआधीच फड पेटवण्याचा प्रकार तर निराळाच. टोळीला सोललेला ऊस लवकर तुटतो म्हणून आग हवी असते. खुशाली देऊनही टोळी येत नाही, आणि जळालेला ऊस ठेवला तर वजन आणि साखर दोन्ही घटतात म्हणून त्याला आधी तोड मिळते. मग बिलातून कपात झाली तरी चालेल, पण ऊस एकदाचा जाऊ दे, असे म्हणून माणूस काडी ओढतो. विजेच्या तारांच्या ठिणगीने लागलेल्या आगी आणि या आगी यांतला फरक गावाला कळतो. कागदावर मात्र दोन्ही सारख्याच.

म्हणून म्हणतो, एकट्या खताच्या हिशेबावर हा प्रश्न सुटायचा नाही. त्यात दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोज आणि म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य हेही मांडले पाहिजे. तो खर्च पेटवणाऱ्याच्या खिशातून सरळ जात नाही. सगळ्या गावाच्या खिशातून थोडा थोडा जातो, म्हणून कुणाला दिसत नाही.

दंडाने भागेल का?

पंजाब-हरियाणातला भाताचा पेंढा पेटला आणि त्याचा धूर दिल्लीला गेला, म्हणून तो देशाला कळला. राष्ट्रीय हरित लवादाने १० डिसेंबर २०१५ रोजी त्या भागातल्या राज्यांत पिकांचे अवशेष जाळायला बंदी घातली. दोन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला २,५०० रुपये दंड ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली परिसर आणि लगतच्या भागांसाठी दंडाच्या रकमा दुप्पट झाल्या. दंड दुप्पट करण्याची वेळ आली, यावरूनच नुसत्या दंडाने किती भागले ते समजावे.

आपल्या धुराला दिल्ली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आणि कोल्हापूर ही शहरे आहेत. हवा मोजणारी यंत्रे शहरात, योजना शहरासाठी. ज्या शिवारात धूर निघतो तिथे मोजायलाच काही नाही. मोजले नाही ते कागदावर नसते, आणि कागदावर नसते त्यासाठी तरतूद होत नाही.

ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे, कारण तिथेही उसाचाच धूर होता. त्या राज्याने २००२ साली कायदा करून फड पेटवणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. २००७ मध्ये कारखानदारांशी करार करून मुदत आणखी अलीकडे आणली. धूर कमी झाला. पण तोडणीला यंत्रे आली आणि हाताने तोडणाऱ्या पुष्कळ मजुरांचे काम गेले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. कारखाना बाजूला राहून हे होत नाही, ही एक. आणि धूर थांबवताना तोडणाऱ्या माणसाच्या पोटाचा विचार आधी करावा लागतो, ही दुसरी.

गावाने काय करावे

आबांचा प्रश्न होता, हाताला माणूस कोण देणार? एकट्याला ते जमत नाही, गावाला जमते.

पहिली गोष्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाचटाचा विषय घ्यावा. गाळप हंगाम त्यानंतर सुरू होतो, तेव्हा वेळ अगदी योग्य आहे. ठराव नुसता "जाळू नये" असा नको. कोणत्या गटात तोड केव्हा बसेल याचा अंदाज कारखान्याच्या चिटबॉयकडे असतो. त्यावरून पाचट कुट्टी यंत्राची पाळी लावावी. ट्रॅक्टरवर चालणारे हे यंत्र एकेकट्याने घ्यायचे नाही. शेतकरी गटाने, सोसायटीने किंवा अवजारे बँकेने घ्यावे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजारांना अनुदान असते. अर्ज भरण्याचे काम आमचे आहे, त्यासाठी आम्हाला बिनधास्त बोलवा.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे यंत्र पोहोचणार नाही त्यांच्यासाठी सावड करावी. पूर्वी सावडीनेच कामे होत होती. चार घरांनी एकमेकांच्या रानात अर्धा अर्धा दिवस दिला तर पाचट सरीत जाते. बुडखे मोकळे ठेवून ते जमिनीलगत छाटावेत. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पहिले पाणी जरा सावकाश सरकते, पण नंतर ओल टिकते, पाणी कमी लागते आणि तण दबते. सगळ्या सरीत जड वाटत असेल तर एकाआड एक सरीत दाबावे. बगला फोडण्याची गरज नाही. खोडव्याचे खत पहारीने दोन हप्त्यांत द्यावे, पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा साडेचार महिन्यांच्या सुमारास. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ही पद्धत सांगितलेली आहे.

तिसरी गोष्ट कारखान्यांना सांगायची. जळीत उसापोटी बिलातून जो पैसा कापला जातो, तो त्याच गावातल्या कुट्टी यंत्रांसाठी द्यावा. आणि मुद्दाम पेटवलेल्या फडाला आधी तोड देण्याची रीत बंद करावी. जोपर्यंत काडी ओढल्यावर नंबर पुढे सरकतो, तोपर्यंत आमच्या मेळाव्यांना कोण विचारतो?

चौथी गोष्ट ग्रामपंचायतीची आणि आरोग्य उपकेंद्राची. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहे. त्या समितीने नोव्हेंबर ते एप्रिल एक साधी वही ठेवावी. आज कुठे पेटले, धाप लागून किती जण आले, एवढेच लिहायचे. आशाताई आणि आमच्या खात्याचा माणूस मिळून हे सहज करू शकतात. दोन हंगामांची वही तयार झाली की वर मागायला तोंड येते. २०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात 'वायू' हे एक तत्त्व आहे. त्याचे फलक भिंतीवर रंगवून झाले. आता फलकामागच्या रानाकडेही ग्रामसेवक भाऊसाहेब आणि सरपंचांनी पाहावे.

तोवर घरात घ्यायची काळजी

हे सगळे होईपर्यंत दोन-तीन हंगाम जातील. माणसांनी तोवर श्वास घ्यायचा थांबवायचा नाही. म्हणून थोडे घरचे सांगतो. पेटवणाऱ्याने निदान शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे. म्हणजे दमेकरी माणूस, लहान मूल, गर्भवती बाई यांना त्या रात्री दुसऱ्या आळीला हलवता येते. धुराच्या वेळी दारे-खिडक्या लावाव्यात आणि त्याच वेळी घरात चूल किंवा शेकोटी पेटवू नये. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. करोनात आपण जो एन-९५ मास्क वापरला, तो नीट बसवला तर अडवतो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी धुराच्या दिवसांत ऊन वर आल्यावर जावे. ज्यांना डॉक्टरांनी पंप दिला आहे त्यांनी तो नेमाने घ्यावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे, त्यापायी माणसे गेली आहेत. ओठ निळे पडले, बोलताना दम तुटू लागला, लहान मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

शेवटी एवढेच. आपण ऊस पिकवतो तो पोराबाळांसाठीच. साखरेचा उतारा, टनेज, पहिली उचल हे आपण चावडीवर बसून रोज मोजतो. त्यासोबत गावाचा श्वासही एकदा मोजायला लागू. येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत पाचटाचा विषय आला नाही, तर उठून विचारा. मीही माझ्या गावच्या सभेत उठणार आहे आणि पहिल्यांदा माझ्या घरामागच्या त्या तीस गुंठ्यांचे सांगणार आहे.